बावीस ट्यूलिप

माझा जावई स्लाविक हुशार आहे हे मला बाहेरच्या कोणी सांगायची वेळच आली नाही, तो स्वतःच सांगतो. राजधानीत, किशिनाउला, एका कंपनीत तो प्रोग्राम लिहितो. शनिवार-रविवारी आमच्याकडे ओरहेइला आला की माझ्या फुलांच्या दुकानात काउंटरला टेकून उभा राहतो आणि मी कुठली कामं जुनाट पद्धतीनं करते ते मला ऐकवतो. गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी त्यानं हट्टच धरला, दुकान ऑनलाइन न्यायचं. म्हणाला, गावातली अर्धी माणसं इटलीत, उरलेली जर्मनीत, आणि त्यांच्या आया इथे. फुलं पाठवायची झाली तर त्यांना तुमच्याशिवाय आहे कोण?

ते खरंच होतं. पादोव्हाहून, बोलोन्याहून मला फोन यायचे, आगाफिया, आईच्या वाढदिवसाला नऊ गुलाब दे, पैसे ईस्टरला आले की देते. आणि द्यायच्या. नाहीतर मिनीबसच्या ड्रायव्हरबरोबर पाकीट यायचं, सोबत माझ्यासाठी चीजचा एखादा तुकडा. इतक्या वर्षांत एकाही बाईनं मला बुडवलं नाही. पण स्लाविकला हे ऐकून हसू फुटायचं. उधारीवर आणि ड्रायव्हरच्या भरवशावर धंदा करणारी युरोपातली शेवटची बाई, असं तो मला माझ्याच मुलीसमोर म्हणाला.

मग सगळा हिवाळा तो माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वेबसाइट तयार करत होता. माझं कोंबडीचं सूप ओरपायचा आणि प्रश्न विचारायचा. गुलाब संपले तर काय करता? दारात गेल्यावर घरी कोणी नसलं तर? पैसे भरले आणि नंतर नको म्हणाले तर? प्रत्येक प्रश्नाला माझं एकच उत्तर, फोन करते. तो कपाळाला हात लावायचा. मशीन फोन करत नाही, त्याला सगळं आधी सांगून ठेवावं लागतं म्हणे. मी म्हटलं, मग हे मशीन कसलं, नवा नोकरच ठेवला की आपण. यावर तो दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

पुढे पुढे मला त्याचं कौतुकही वाटायला लागलं, खोटं कशाला बोलू. फुलांचे फोटो, किमती, निवडलेली फुलं ठेवायची टोपली, मग पत्ता, मग कार्ड. कार्डाचा नंबर आपल्याकडे येतच नाही, तो थेट बँकेच्या पानावर भरायचा. पैसे जमा झाले की बँकेचं मशीन आपल्या मशीनला निरोप धाडतं आणि दुकानातल्या प्रिंटरमधून ऑर्डरची चिठ्ठी बाहेर येते. पहिली चिठ्ठी निघाली तेव्हा माझा नवरा फेओदोर टोपी काढून उभा राहिला.

एक गोष्ट मात्र मी त्याच्या ध्यानात आणून दिली. किती फुलं हवीत त्या चौकटीत गिऱ्हाईक वाटेल तो आकडा लिहू शकत होतं. मी म्हटलं, आणि कोणी बारा लिहिले तर? जिवंत माणसाला तीन, पाच, सात, नऊ. सम फुलं कबरीवर जातात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण तिकडे राहून राहून माणसं विसरतात, तिकडच्या बाजारात डझनावर गुलाब विकतात. स्लाविकला हे एकदम पटलं. त्यानं अशी युक्ती केली की कोणी सम आकडा लिहिला की पान पुढे सरकतच नाही. 'फुलं दुःखाच्या प्रसंगासाठी आहेत का?' असा प्रश्न येतो. हो म्हटलं तर काळी फीत लागते. नाही म्हटलं तर एक फूल वाढवा किंवा कमी करा.

त्या प्रश्नाचा आम्हाला फार गर्व झाला. मी बाजारात सांगितलं, चर्चच्या पायऱ्यांवर सांगितलं, केस कापायला गेले तिथेही सांगितलं. इटलीतल्या कुठल्या वेबसाइटला हे सुचणार आहे? आमच्याच गल्लीतली पारास्किवा, सगळे तिला मावशी म्हणावं तसं तांती पाराशा म्हणतात, ती कांद्याचं बी घ्यायला आली तेव्हा तर मी स्लाविकचा फोन तिच्यापुढे धरून सगळं करूनच दाखवलं. ती चष्म्याच्या वरून बघत म्हणाली, बरं झालं बाई, आता चुकून कोणी कोणाला मारणार नाही.

आठ मार्चला, महिला दिनाला, आमच्याकडे आईला, बायकोला, सासूला, मास्तरणीला, दाताच्या डॉक्टरणीला, सगळ्यांना फुलं जातात. आदल्या दिवसापासून मला श्वास घ्यायला सवड नसते. यंदा तर प्रिंटर थांबायचं नावच घेत नव्हता. एक चिठ्ठी मी उचलायची, दुसरी मदतीला आलेली शेजारची लिदिया उचलायची, गुच्छ बांधायचा, शुभेच्छेचं कार्ड खोचायचं, की फेओदोर व्हॅनमध्ये टाकायचा. कोणाचं नाव काय हे वाचायला वेळ कोणाला होता? फुलं मात्र मी प्रत्येक गुच्छात बघत होते. एकही सम नव्हता.

नऊ तारखेला सकाळी पहिला फोन आला तो एका नवऱ्याचा. त्यानं बायकोला एक गुच्छ सांगितला होता, दोन पोचले, तर दुसरा कोणी पाठवला हे मला विचारत होता, आणि चांगलाच दरडावून विचारत होता. मी त्याला म्हटलं, ते तुझ्या बायकोला विचार. फोन ठेवून मी आणि लिदिया पोट धरून हसलो. मग आणखी एका बाईनं दोन गुच्छांबद्दल आभार मानायला फोन केला. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता, पण नाही पडला. त्यानंतर पादोव्हाहून व्हिओरिकाचा फोन आला.

व्हिओरिका ही तांती पाराशाची एकुलती एक मुलगी. तिकडे एका अंथरुणाला खिळलेल्या इटालियन म्हातारीच्या घरी राहून तिचं सगळं करते. इकडे तिच्या स्वतःच्या आईच्या हृदयाची झडप निकामी झाली होती आणि दहा तारखेला किशिनाउच्या हॉस्पिटलात तिचं ऑपरेशन व्हायचं होतं. सगळ्या गल्लीला हे ठाऊक होतं. व्हिओरिकानं आईसाठी फुलं मागवली आहेत हे मला हॉस्पिटलातले सगळे गुच्छ दारावरच सोपवून परत आल्यावर फेओदोरनं सांगितलं होतं आणि मला बरंही वाटलं होतं, कारण त्या मायलेकींचं एकमेकींशी फारसं बोलणं नव्हतं. सणाला फोन, हवापाण्याच्या चौकशा, संपलं.

ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"आगाफिया, माझ्या आईला तू काय पाठवलंस?"

मी म्हटलं, तू सांगितलंस तेच, ट्यूलिप. तिनं विचारलं, किती? मी म्हटलं, जितके तू सांगितलेस तितके, मशीन चुकत नाही.

"मी अकरा सांगितले होते," ती म्हणाली. "तिच्या खाटेशी बावीस आहेत. नर्सनं मोजले, मग डॉक्टरनं मला फोन केला. आई पायात बूट घालून बसली आहे, कोट मांडीवर घेऊन. ऑपरेशनच्या कागदावर सही करत नाही. म्हणते, मला घरी न्या, मला माझ्या घरात मरायचंय."

व्हिओरिका सांगत होती की आईनं फोन बंद करून ठेवलाय. बसला दीड दिवस लागतो आणि ऑपरेशन उद्या आहे. उद्याचा नंबर गेला तर पुढचा शरदात मिळेल, आणि डॉक्टर म्हणतात तोवर हे हृदय टिकायचं नाही. मी तिला म्हटलं, अगं पण असं कसं मानेल ती, आई आहे तुझी. तिला काय वाटतंय, तू मुद्दाम पाठवलेस?

"हो, तेच वाटतंय. नऊ वर्षांपूर्वी ती मला फोनवर एक वाक्य बोलली होती. तिला वाटतंय हे त्याचं उत्तर आहे."

कुठलं वाक्य म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, ते माझ्या तोंडून नको. गेली नऊ वर्षं ते माझ्या कानात आहे, तेवढं पुरे.

सणाची सुट्टी म्हणून स्लाविक आमच्याकडेच होता. आदल्या दिवशी त्यानं मला विजेची किटली भेट दिली होती आणि आता तिच्यातच चहा उकळत होता. मी त्याला तिथूनच ओढून कॉम्प्युटरसमोर बसवलं. ऐकल्याबरोबर तो म्हणाला, तिनं बटण दोनदा दाबलं असणार. पान उघडायला जरा वेळ लागला की लोकांना धीर धरवत नाही, दाबतच सुटतात. त्याचा आवाज अगदी शांत होता, शिकवणीच्या मास्तरासारखा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, मग पैसेही दोनदा गेले असतील तिचे, ते तरी बघ.

तो बघायला लागला. मी त्याच्या मागे उभी होते. थोड्या वेळानं त्याचं टकटक थांबलं, आणि मला त्याचे कान लाल होताना दिसले.

पैसे एकदाच भरले होते. बँकेचा निरोप मात्र दोनदा आला होता. तो मला हळूहळू सांगत गेला. बँकेचं मशीन आपल्याला निरोप देतं की पैसे आले. आपण लगेच म्हणायचं असतं, कळलं. आपण ते म्हटलं नाही तर बँकेला वाटतं निरोप पोचलाच नाही, आणि ते पुन्हा धाडतं. स्लाविकनं काय केलं होतं? निरोप आला की आधी ऑर्डर करायची, चिठ्ठी छापायची, गिऱ्हाइकाला मेसेज पाठवायचा, आणि सगळं उरकल्यावर मग कळलं म्हणायचं. एरवी हे पापणी लवायच्या आत होई. आठ मार्चच्या गर्दीत आपलं मशीन धापा टाकायला लागलं, उत्तराला उशीर झाला, बँकेनं निरोप पुन्हा धाडला, आणि आपल्या मशीनला ती नवीनच ऑर्डर वाटली.

"म्हणजे बँकेची चूक," मी म्हटलं. मला कोणाची तरी चूक हवी होती, जावयाची सोडून.

"नाही. बँक कोणालाही दोनदा निरोप देऊ शकते, त्यांच्या सूचनांत तसं लिहिलंय. मी वाचलं होतं. म्हटलं, नंतर बघू."

"आणि तो प्रश्न? दुःखाचा?"

"तो प्रत्येक गुच्छाला विचारतो, आई. दोन्ही गुच्छ अकराचेच होते."

मी त्याला बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. जुनाट पद्धतीच्या बाईनं एवढ्या वर्षांत एका तरी आजारी माणसाच्या उशाशी सम फुलं ठेवली होती का, हेही विचारलं. तो खाली मान घालून ऐकत होता. मग उठून त्यानं गाडीची चावी घेतली. मी कोट चढवला, कालच्या प्लाचिंता, चीज भरलेल्या पोळ्या, कागदात गुंडाळल्या, आणि आम्ही निघालो. वाटेत तो एकदाच बोलला. म्हणाला, त्यांना समजेल असं कसं सांगू? मी म्हटलं, मला सांगितलंस तसं. मी काही शाळेत गोल्ड मेडल घेतलेलं नाही.

तांती पाराशा खिडकीजवळच्या खाटेवर बसली होती. कोटाला, मार्च लागला की सगळे लावतात तो लाल-पांढऱ्या दोऱ्याचा गोंडा लावलेला, डोक्याला रुमाल, पायात बाहेरचे बूट. बाजूच्या कपाटावर लोणच्याची तीन लिटरची बरणी, आणि तिच्यात दोन्ही गुच्छ एकत्र कोंबलेले. नर्सला तरी काय दोष द्यायचा, तिच्याकडे बरणीच एक होती. आम्हाला बघून तांती पाराशा म्हणाली, गाडी आणलीत का? बरं केलंत, चला.

मी तिच्याशेजारी बसले आणि भराभर बोलायला लागले. चूक आमची आहे, दोन-दोन गुच्छ कितीतरी ठिकाणी गेलेत, एक नवरा तर बायकोवर खवळलाय. ती ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ती म्हणाली, त्या बायकांना उद्या कोणी टेबलावर घेणार नाहीये. मला दुसरं काही सुचेना तेव्हा मी उठले, बरणीतला एक ट्यूलिप उपसला आणि म्हटलं, हे बघ, झाले विषम. घरी आपण हेच करतो की नाही?

"ठेव ते परत," ती म्हणाली. "जिवंतांतून वेगळं काढलंस ते फूल कोण, ठाऊक आहे ना तुला? ती मीच."

मी ते फूल परत खोचलं. माझे हात ओले झाले होते आणि पुसायला काही सापडेना.

मग स्लाविक तिच्यासमोर उकिडवा बसला. हा माणूस माझ्या स्वयंपाकघरात पाय पसरून बसतो, त्याला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यानं तिला सांगितलं. टपालवाला दारात येतो, हाक मारतो, तुमची मुलगी पैसे भरून गेली म्हणतो. घरातून कोणी ओ दिली नाही तर तो पुन्हा हाक मारतो. मी घरात असा नोकर ठेवला होता की जो प्रत्येक हाकेला एक गुच्छ बांधतो. मुलगी एकदाच आली होती, तांती पाराशा. हाका दोन झाल्या. चूक नोकराची नाही, माझी आहे.

मला वाटलं, आता झालं. याहून सोपं कोण सांगणार?

"आगाफियानं मला दुकानात दाखवलं होतं," तांती पाराशा म्हणाली. "सम फुलं मागितली की तुझं ते विचारतं, दुःखासाठी का म्हणून. हो म्हटल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही. दाखवलं होतंस ना गं?"

मी हो म्हटलं. तेव्हा फुशारकी मारताना माझी जीभ झडली असती तर बरं, असं मला वाटलं.

"मग बावीस आली कशी? तिनं हो म्हटल्याशिवाय?"

स्लाविकनं फोन काढला. दोन ऑर्डरी, दोन्हीत अकरा, दुःखाची खूण कुठेच नाही, असं बोट ठेवून दाखवायला लागला. तिनं फोनकडे बघितलंही नाही. म्हणाली, तूच लिहितोस, तूच दाखवतोस. मग तिनं त्याला विचारलं, "बटण दाबताना माणसाच्या मनात काय आहे, ते तुझ्या मशीनला कळतं?"

स्लाविकनं फोन खिशात टाकला. "नाही," तो म्हणाला. "ते नाही कळत."

"मग तू मला कशाची खात्री देतोस?"

शेजारच्या खाटेवरची बाई भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करत होती. तांती पाराशा आता माझ्याकडे न बघता माझ्याशी बोलायला लागली. तिचा नवरा गेला तेव्हा व्हिओरिका आली नव्हती. तेव्हा तिच्याकडे तिकडचे कागद नव्हते, सीमा ओलांडली असती तर परत जाता आलं नसतं, आणि घराचं कर्ज तिच्याच पगारावर चाललेलं. हे सगळं तांती पाराशाला तेव्हाही कळत होतं. पण दारात शवपेटी, अंगणात माणसं, आणि जो तो विचारतोय मुलगी कुठे. तेवढ्यात फोन वाजला.

"मी तिला म्हटलं, मी आज दोघांना मातीत पुरते आहे, तुझ्या बापाला आणि तुला. फुलंही दोघांची मिळून वाहिली असं समज. आणि फोन ठेवला." तिनं रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "म्हणजे सुरुवात माझी आहे, आगाफिया. तिनं आत्ता उत्तर दिलं असेल तर मी कुठल्या तोंडानं बोलू?"

इतक्यात डॉक्टर दारात आले, तरुण माणूस, डोळे तांबारलेले. आवाज न चढवता म्हणाले की त्यांना आता हो की नाही ते कळायला हवं, नाही म्हणत असाल तर उद्याच्या जागेसाठी बेल्त्सीहून दुसरा पेशंट निघायच्या तयारीत आहे. कोणावर जबरदस्ती नाही.

तांती पाराशानं त्यांना एक मिनिट थांबायला सांगितलं. मग वाकून ती बुटांच्या नाड्या सोडायला लागली. तिला वाकवत नव्हतं, धाप लागली, म्हणून स्लाविकनं गुडघे टेकून त्या सोडल्या. तिनं त्याला सोडू दिल्या.

"सकाळपासून मी एकच विचार करतेय," ती म्हणाली. "आत्ता घरी जाऊन मेले, तर ती मेल्याहून मेली. तिकडे त्या म्हातारीच्या घरात बसून जन्मभर मोजत राहील, अकरा का बावीस, अकरा का बावीस. टेबलावर मेले तर बरं, निदान डॉक्टरच्या नावावर जाईल." तिनं डॉक्टरांकडे हात पुढे केला. "आणा तो कागद."

सही करून झाल्यावर तिनं स्लाविकला जवळ बोलावलं.

"व्हिओरिकाला फोन कर. सांग, आईला पटलं."

त्याचा चेहरा उजळला. त्यानं विचारलं, "खरंच पटलं ना?"

"तू सांग म्हटलं ना," ती म्हणाली. "लगेच पटलं म्हणावं. हसली म्हणावं."

कॉरिडॉरमध्ये खिडकीशी उभं राहून त्यानं फोन लावला. मी बाजूलाच होते. पलीकडून व्हिओरिका काय विचारत होती ते मला ऐकू येत नव्हतं, पण त्याची उत्तरं ऐकू येत होती. हो, सही केली. हो, पटलं. लगेच. हसल्याही. म्हणाल्या, मशीनच ते शेवटी. हे शेवटचं वाक्य त्यानं पदरचं घातलं. मग फोन माझ्या हातात कोंबून तो जिन्याकडे चालता झाला. परतीच्या वाटेवर त्यानं गाडी एकदा कडेला घेतली आणि बराच वेळ तशीच उभी ठेवली. मी त्याला प्लाचिंता दिली, ती त्यानं हातात धरून ठेवली. हुशार माणसाचे असे हाल मला बघवले नाहीत.

ऑपरेशन झालं. सहा तास लागले म्हणे, आणि दोन दिवस कोणालाच काही सांगता येत नव्हतं. त्या दोन दिवसांत स्लाविकनं वेबसाइट दुरुस्त केली. आता आधी कळलं म्हणायचं आणि मग बाकीचं, आणि एका पैसे भरण्याला एकच ऑर्डर, बँकेनं शंभरदा निरोप दिला तरी. त्यानं मला ते समजावून सांगितलं. मी नुसतं ऐकलं, त्याला टोमणा मारायची माझी इच्छाच गेली होती. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून कळलं की तांती पाराशा शुद्धीवर आहे आणि पाणी मागते आहे. फेओदोर चर्चमध्ये मेणबत्ती लावून आला. मी कोंबडी शिजायला टाकली.

डबा घेऊन मी गेले त्या दिवशी व्हिओरिकाही पोचली. त्या इटालियन म्हातारीजवळ गावाकडच्याच एका बाईला आठवडाभर बसवून ती आली होती. बसच्या प्रवासानं चेहरा राखेसारखा झालेला, हातात फक्त पर्स. दारातच थांबली. खाटेवर तिची आई उशीइतकीच पांढरी दिसत होती, नाकात नळी. बरणी कोणीतरी कधीच हलवली होती.

व्हिओरिका पुढे आली आणि खुर्ची ओढून बसली. दोघी एकमेकींकडे बघत होत्या. मी सूप वाडग्यात ओतायला घेतलं, कारण मला दुसरं काय करावं कळेना.

"तुला पटलं म्हणे," व्हिओरिका म्हणाली.

"लगेच." तांती पाराशाचा आवाज अगदी बारीक येत होता. "माझीच मुलगी, मला कळणार नाही?"

व्हिओरिकानं मान हलवली. तिनं आईचा हात हातात घेतला, सुई टोचलेली जागा सांभाळून. मग म्हातारी म्हणाली, "तुझा बाप गेला तेव्हा मी तुला फोनवर जे बोलले ना—"

"त्या दिवशी?" व्हिओरिकानं तिला पुढे बोलूच दिलं नाही. "अगं त्या दिवशी लाइन इतकी खराब होती. मी नुसती हॅलो हॅलो करत होते, आणि फोन कट झाला. मला काही ऐकूच आलं नाही, आई. काय म्हणत होतीस?"

तांती पाराशा तिच्या तोंडाकडे बघत राहिली. व्हिओरिकानं नजर काढून घेतली नाही.

"काही नाही," म्हातारी म्हणाली. "लाइन खराबच होती त्या दिवशी."

मी चमचा आणते म्हणून बाहेर आले. चमचा माझ्या हातातच होता. कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून मी रडले, आणि एका नर्सनं मला विचारलं, कोणी गेलं का. मी म्हटलं, नाही, आली आहे.